नीतिशास्त्र, उपयोजित

नैतिक सिद्धांतांच्या आधारे प्रत्यक्ष व्यवहारातील विवाद्य प्रश्नांची छाननी करणारी नीतिशास्त्राची शाखा. ‘चांगले’, ‘योग्य’, ‘कर्तव्य’ ह्या पदांचा अर्थ काय, हा अधिनीतिशास्त्राचा विषय होय. कोणती तत्त्वे आचरणाला प्रमाण मानावीत, हा आदर्शी नीतिशास्त्राचा. उपयोजित नीतिशास्त्राचा आरंभ त्यापुढे होतो. गर्भपात, दयामरण, युद्ध, प्राण्यांना दिली जाणारी वागणूक, दारिद्र्यनिवारणाचे दायित्व, पर्यावरणाचा ऱ्हास इ. विषय ह्या शाखेत येतात.

हा विचार नवा नाही. प्लेटोच्या संवादांत आणि धर्मशास्त्रांतील आपद्धर्माच्या विवेचनात तो आढळतोच. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतील तत्त्वज्ञ, विशेषतः जी. ई. मुर ह्यांच्या प्रिन्सिपिआ एथिका (१९०३) ह्या ग्रंथानंतर, नैतिक पदांच्या विश्लेषणात इतके गढून गेले, की अमुक कृती करावी की करू नये हे सांगणे हे आपले कामच नव्हे, असे त्यांतील अनेकांना वाटू लागले. १९६० नंतर व्हिएटनाम युद्ध, नागरी हक्कांची चळवळ आणि वैद्यकाची नवी सामर्थ्ये ह्यांमुळे ही अलिप्तता टिकली नाही. पीटर सिंगर ह्यांचा दुष्काळ व संपन्नता ह्यांविषयीचा १९७२ मधील गाजलेला निबंध १९७१ साली पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांच्या हालांवरून लिहिला गेला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

सिद्धांताचे उपयोजन म्हणजे सूत्रात आकडे घालून उत्तर काढणे नव्हे. बहुतेक वेळा सिद्धांतावरून निघणारा निष्कर्ष आणि विचारी माणसाचा त्या प्रसंगीचा निर्णय ह्यांत अंतर पडते आणि दोहोंपैकी काय सुधारावयाचे, हे ठरवावे लागते. जॉन रॉल्स (१९२१–२००२) ह्यांनी तत्त्वे व निर्णय परस्परांशी ताडून पाहत समतोल साधण्याची जी पद्धती सुचविली, तिचा प्रभाव ह्या क्षेत्रात मोठा आहे. ह्या प्रक्रियेचे स्वरूप दयामरणाच्या प्रश्नावरून चांगले स्पष्ट होते.

असाध्य व यातनामय अवस्थेतील व्यक्तीच्या हितासाठी तिचा मृत्यू घडवून आणणे वा घडू देणे, म्हणजे दयामरण. प्राणघातक औषध टोचून मृत्यू घडवून आणल्यास ते सक्रिय आणि जीव राखणारे उपचार थांबविल्यास किंवा सुरूच न केल्यास ते निष्क्रिय म्हटले जाते. रुग्णाच्या विनंतीनुसार झाल्यास ते ऐच्छिक. रुग्ण संमती देण्यास असमर्थ असल्यास अनैच्छिक.

उपयुक्ततावादी विचारवंतांच्या दृष्टीने, ज्या जीवनात यातनांवाचून काही उरलेले नाही ते लांबविण्याने सुखाची बेरीज वाढत नाही. कृत्याची योग्यायोग्यता परिणामांवरून ठरत असेल, तर मारणे आणि मरू देणे ह्यांत स्वतःसिद्ध असा भेद राहत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स ह्यांनी १९७५ साली हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला. वारशाच्या लोभाने एक इसम लहान मुलाला न्हाणीच्या टबात बुडवितो. दुसरा त्याच हेतूने आत जातो, पण मूल आपोआप घसरून बुडते व तो नुसता पाहत राहतो. दुसरा पहिल्याहून कमी दोषी आहे, असे कोणी म्हणणार नाही. उलट नळ्या काढून रुग्णाला दिवसेंदिवस क्षीण होऊ देणे हे एका टोचणीपेक्षा अधिक निर्दय ठरू शकते. रेचल्स ह्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. परंतु दोन दुष्ट हेतूंच्या उदाहरणात भेद दिसत नाही म्हणून तो कोठेच नसतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय परिणाम मोजावयाचे तर एकाच खाटेपुरते मोजून भागत नाही. अशी मुभा रूढ झाल्यावर वृद्ध, अपंग आणि निर्धन रुग्णांवर येणारे न बोललेले दडपणही हिशेबात धरावे लागते. आजाऱ्यासाठी शेत विकावे लागणाऱ्या घरात ‘मला आता नको’ हे शब्द कितपत स्वेच्छेचे असतात, हा प्रश्न भारतात तरी पुस्तकी नाही.

इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) ह्याच्या मते माणूस हा स्वयमेव साध्य आहे, त्याला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. ह्याच तत्त्वावरून त्याने आत्महत्या निषिद्ध ठरविली : दुःख टाळण्यासाठी स्वतःचा अंत करणारा स्वतःलाच साधन बनवितो. आज दयामरणाचे पुरस्कर्ते ‘स्वायत्तता’ हा शब्द कांटकडूनच घेतात. मात्र त्याच्या लेखी स्वायत्तता म्हणजे विवेकाने स्वतःला घालून दिलेला नियम, हवे ते निवडण्याची मोकळीक नव्हे. हा दुसरा अर्थ जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) ह्याच्या स्वातंत्र्यविचाराला जवळचा आहे. वैद्यकीय नीतीवरील चर्चांत हे दोन अर्थ सर्रास एक मानले जातात व त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो.

सेंट टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) ह्याच्यापासून चालत आलेले द्विपरिणामाचे तत्त्व डॉक्टरांच्या विशेष उपयोगाचे ठरले आहे. वेदना शमविण्यासाठी मॉर्फीन दिले आणि त्याने आयुष्य काहीसे घटण्याचा संभव दिसत असला, तरी मृत्यू हा हेतू नसून केवळ अपेक्षित परिणाम असल्याने ते कृत्य दोषार्ह नाही, असे हे तत्त्व सांगते. ह्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे भारतात वेदनाग्रस्त रुग्णांना मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती अट सैल झाली. ज्याच्या वेदना शमविता आल्या असत्या पण शमविल्या गेल्या नाहीत, अशा माणसाने मागितलेले मरण हे दयामरणाच्या बाजूचे उदाहरण मानणे सयुक्तिक नाही.

भारतीय परंपरेत आत्मघाताचा निषेध असला, तरी जैनांची सल्लेखना आणि मनुस्मृतीत वानप्रस्थाला सांगितलेले महाप्रस्थान ह्यांना मान्यता आहे. महाराष्ट्रात वि. दा. सावरकर (१९६६) आणि विनोबा भावे (१९८२) ह्यांनी अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला. परंतु ह्या उदाहरणांत दुसऱ्या कोणाचा हात नसतो. दयामरणाचा खरा पेच दुसऱ्याच्या हाताचा आहे. म्हणून परंपरेतील हे दाखले दिले जातात त्या मानाने फारसे उपयोगी पडत नाहीत.

हा पेच भारतात सर्वांत तीव्रतेने पुढे आला, तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्या बाबतीत. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला व गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यांना अन्न देणे थांबवावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी ह्यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केला. येथे रूढ वर्गीकरण अपुरे पडले. त्या मेंदूमृत नव्हत्या. काढून घ्यावे असे श्वसनयंत्रही नव्हते. परिचारिका त्यांना मऊ केलेले अन्न भरवीत. भरविणे हा उपचार मानावा की माणुसकीचे साधे कर्तव्य? उपचार मानल्यास तो थांबविणे ‘निष्क्रिय’. कर्तव्य मानल्यास ती उपासमार. शिवाय त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न होताच. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी तो अधिकार रुग्णालयातील सेवकवर्गाचा मानून अर्ज फेटाळला. मात्र उच्च न्यायालयाच्या संमतीने निष्क्रिय दयामरणास तत्त्वतः वाट मोकळी केली. ह्या निर्णयात न उपयुक्ततेचा हिशेब प्रमुख होता, न स्वायत्ततेचे तत्त्व. इतकी वर्षे केलेल्या शुश्रूषेतून निर्माण झालेल्या नात्याला तेथे नैतिक वजन मिळाले. नीतितत्त्वज्ञांपैकी सद्‌गुणवादी आणि शुश्रूषेच्या नीतीचे पुरस्कर्ते ह्यांनाच ह्या गोष्टीचा उलगडा सहज करता येतो. शानबाग ह्यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात सन्मानाने मरण्याच्या हक्काचा अंतर्भाव केला आणि शुद्धीवर असताना लिहून ठेवलेल्या पूर्वनिर्देशास मान्यता दिली. सक्रिय दयामरण मात्र निषिद्धच राहिले. नेदर्लंड्‌समध्ये ते २००२ पासून काही अटींवर कायदेशीर आहे. पूर्वनिर्देशावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेण्याची २०१८ मधील अट व्यवहारात अवघड ठरल्याने जानेवारी २०२३ मध्ये ती काढण्यात आली. त्याऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे मानण्यात आले व उपचार थांबविण्याचा निर्णय रुग्णालयातील प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांकडे सोपविण्यात आला.