गाडीत तंबोरा का हरवतो?

घरी रात्री छान लागलेला आलाप समृद्धी महामार्गावर गाडी चढताच निम्मा गायब होतो. स्पीकर ठणठणीत असतो. सिमेंटच्या रस्त्यावर टायरची घरघर अखंड चालू असते, खरी मेख तिथे आहे. खर्जातल्या आवाजाची लाट कानाच्या आतल्या शंखात थेट शेवटच्या टोकापर्यंत जाते. वाटेत बारीक सुरांच्या जागाही हलवते. पुरात बुटकी झुडपं आधी बुडावीत, तसे तंबोरा आणि श्वास पहिले जातात. मे महिन्यात नागपूरचा कूलरही हेच करतो.

उत्तम ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर राखलेलं असतं. म्हणून आवाज वाढवला, की आलाप कळतो, पण ‘झाला’ हा वादनाचा जलद भाग सुरू होताच कानठळ्या! हल्लीच्या फिल्मी गाण्यांत हे अंतर मुद्दाम दाबतात, त्यामुळे ती गाडीत चालून जातात. घरी मात्र लवकर कंटाळा येतो.

विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (1993) हा अल्बम कॅलिफोर्नियातल्या चर्चमध्ये मुद्रित झाला. तिथला घुमारा ऐकायचा तर कूलर बंदच हवा. गाडीसाठी माझी पसंती ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बमला. त्यातल्या संतूरचा टणत्कार घरघरीतूनही वर येतो.