नौकाविहारांतील जबाबदारी कोणाची?

कायाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशांतील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती बनवीत, आणि शिकारी ती आपल्या अंगाच्या मापानें बांधून घेई. होडी बांधणारा आणि वल्हविणारा एकाच वस्तींतला. दोघांसही समुद्र सारखाच ठाऊक. आज तीच होडी प्लॅस्टिकची झाली आहे. ती दुकानांत विकत मिळते, किनाऱ्यावर तासाच्या भाड्यानें मिळते, आणि मार्गदर्शकासह सहलीच्या रूपानेंही मिळते. विकणारा वेगळा आणि वल्हविणारा वेगळा झाला, आणि त्याबरोबरच अपघात झाल्यास जबाबदार कोण, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरें दिलीं जातात. एक पक्ष म्हणतो, पाण्यांत उतरणारा मनुष्य आपल्या खुषीनें उतरतो. समुद्र बुडवितो, हें सांगावयास दुकानदार कशाला हवा? दुसरा पक्ष म्हणतो, ज्यानें पैसे घेतले त्यानें सुखरूप परत आणण्याची हमीही घेतली. दोन्ही उत्तरें सोपीं आहेत आणि दोन्ही अपुरीं आहेत. धोका केवढा होता एवढेंच पाहून येथें निवाडा होत नाहीं. तो धोका कोणाला दिसत होता, हें पाहावें लागतें.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरांत २२ मार्च १९९३ रोजीं घडलेली दुर्घटना या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. प्लिमथ येथील एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि साहस-केंद्राचे दोन मार्गदर्शक सकाळीं लाइम रीजिसहून कायाकमधून निघाले. जवळच्याच चारमथ गांवापर्यंत किनाऱ्याकडेनें जावयाचें होतें. थोड्याच वेळांत शिक्षकांची होडी वारंवार उलटूं लागली. एक मार्गदर्शक त्यांच्यापाशीं राहिला. विद्यार्थी दुसऱ्या मार्गदर्शकासह होड्या एकमेकींना धरून थांबले, आणि थांबल्या जागीं न राहतां समुद्रांत दूर वाहत गेले. लाटांचें पाणी शिरून होड्या भरल्या आणि उलटल्या. कित्येक तास थंड पाण्यांत काढल्यानंतर सोळा-सतरा वर्षांचीं चार मुलें मृत्यु पावलीं.

त्या मुलांना काय दिसत होतें? वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. कोकणांत अशा वाऱ्याला मतलई म्हणतात. हा वारा फसवा असतो. किनाऱ्याजवळ जमिनीच्या आडोशानें पाणी शांत दिसतें; आडोसा सुटतांच लाटा वाढतात, आणि हलकी होडी वाऱ्याबरोबर बाहेर ओढली जाते. परत येण्यासाठीं वाऱ्याविरुद्ध वल्हवावें लागतें, आणि तें नवशिक्याच्या शक्तीबाहेरचें असतें. थंड पाण्याचेंही तसेंच आहे. मार्चमध्यें तेथील समुद्राचें तापमान १० अंश सेंटिग्रेडच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतें. अशा पाण्यांत पडतांच पहिला मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाहीं. पुढील कांहीं मिनिटांत हातपायांतील बळ जातें. आणि त्यानंतर सर्व शरीर हळूहळू गार पडत जातें. उत्तम पोहणाऱ्याचेंही येथें फारसें चालत नाहीं. हें ज्ञान अनुभवाचें आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला तें डोळ्यांनीं दिसत नाहीं.

केंद्र चालविणाऱ्या कंपनीला मात्र पुष्कळ कांहीं ठाऊक होतें. तिच्या मार्गदर्शकांजवळ केवळ प्राथमिक दर्जाचें प्रशस्तिपत्र होतें. संकटसूचक दारूचे बाण बरोबर दिलेले नव्हते. मंडळी ठरल्या वेळीं परतलीं नाहींत, तरी किनारा-रक्षकांना कळविण्यास फार उशीर झाला. आणि १९९२ मध्यें नोकरी सोडून गेलेल्या दोन मार्गदर्शकांनीं तेथील सुरक्षिततेच्या उणिवा कंपनीला पत्रानें लिहून कळविल्या होत्या. डिसेंबर १९९४ मध्यें न्यायालयानें कंपनीला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून ६०,००० पौंड दंड केला, आणि तिच्या व्यवस्थापकीय संचालकाला तीन वर्षांची कैद सांगितली. अपिलांत ती दोन वर्षांवर आली. अशा गुन्ह्याखालीं इंग्लंडमध्यें कंपनी दोषी ठरण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पुढें १९९५ मध्यें कायदा होऊन अठरा वर्षांखालील मुलांना असे साहस-खेळ पैसे घेऊन पुरविणाऱ्यांना परवाना आवश्यक झाला.

अशा केंद्रांत सहीसाठीं एक कागद पुढें करण्याची चाल आहे: 'कांहीं झाल्यास आम्ही जबाबदार नाहीं.' इंग्लंडांत १९७७ च्या कायद्यानें निष्काळजीपणामुळें झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी अशा कागदानें झटकतां येत नाहीं असें ठरविलें, आणि ग्राहकांपुरता तोच नियम २०१५ च्या कायद्यांतही आहे.

परंतु याच न्यायाची दुसरी बाजूही आहे. चेशायरमध्यें वाळूच्या जुन्या खाणींत झालेला एक तलाव सार्वजनिक उद्यानांत आहे. पोहण्यास मनाई असल्याच्या पाट्या तेथें लावलेल्या होत्या. १९९५ मध्यें अठरा वर्षांच्या एका तरुणानें उथळ पाण्यांत उभ्या उभ्या सूर मारला, डोकें तळाशीं आपटलें आणि तो जन्माचा पंगू झाला. २००३ मध्यें उमरावांच्या सभेनें, म्हणजे तेव्हांच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठानें, त्याची भरपाईची मागणी फेटाळली. त्याचें दुःख कोणी लहान मानलें नाहीं. पण उथळ पाण्यांत सूर मारण्यांतील धोका उघड होता, आणि एका प्रौढ मनुष्याच्या साहसापायीं सर्वांचा तलाव बंद करण्याचें कारण न्यायाधीशांना दिसलें नाहीं.

भारतांतील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांतही हीच विभागणी आढळते. निर्मात्यानें दिलेली धोक्याची सूचना विक्रेत्यानें ग्राहकापर्यंत पोहोंचविली नाहीं, किंवा वस्तूची जोडणी व तपासणी करण्यांत वाजवी काळजी घेतली नाहीं, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊं शकते. उलट ग्राहकानें वस्तूचा दुरुपयोग केला असेल, तर ती येत नाहीं. आणि जो धोका उघड किंवा सर्वविश्रुत आहे, त्याची सूचना दिली नाहीं म्हणून निर्मात्याला दोष लागत नाहीं. तरंगण्याच्या जाकिटाचें उदाहरण घ्यावें. ५० न्यूटन क्षमतेचें जाकीट हालचालीला सोयीचें म्हणून कायाकवाले वापरतात. पण शुद्ध हरपलेल्या मनुष्याचें तोंड पाण्यावर फिरवून धरणें हें त्याचें काम नव्हे. त्यासाठीं १५० न्यूटनसारखीं अधिक क्षमतेचीं जाकिटें असतात. दोन्ही रंगानें सारखींच असूं शकतात. हा भेद न सांगणें ही विक्रेत्याची चूक होय. आणि सांगितल्यावरही उकडतें म्हणून जाकीट होडींत काढून ठेवणें ही ग्राहकाची.

सुटीच्या दिवसांत गोव्याच्या किंवा कोंकणच्या खाडींत मुलांना अशा होडींत बसविण्यापूर्वीं आईबापांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. आज वारा कोणीकडचा आहे? बरोबर येणाऱ्या मार्गदर्शकाचें शिक्षण काय झालें आहे? आणि मंडळी वेळेवर परतलीं नाहींत, तर कोण, किती वाजतां, कोणाला कळविणार आहे? प्रश्न विचारणें हें घेणाऱ्याचें काम आणि खरें उत्तर देणें हें देणाऱ्याचें. उत्तरादाखल नुसता सहीचा कागदच पुढें आला, तर मुलांना घेऊन किनाऱ्यावर थांबणेंच बरें.