तुंबलंय कुठं, ते आधी बघा

कुंभारगावच्या काठावरून पहाटे होडीत बसलं, की नऊ वाजेपर्यंत कार्डात हजारेक फ्रेम जमतात. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठला की बोट शटरवरून निघतच नाही. उजनी धरणाचं पाणी ओसरून गाळ उघडा पडला की हे पाहुणे येतात आणि थंडीभर आमचे रविवार भिगवणच्या बाजूला जातात. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २५ ते ३० एमबीची. एका सकाळीच २५-३० जीबी.

खरी कसरत बारामतीला घरी आल्यावर. लाइटरूममध्ये फोटो १०० टक्के मोठा करायचा, पक्ष्याचा डोळा शार्प आहे का बघायचं, नसेल तर पुढचा. माझ्या पीसीवर तो डोळा स्पष्ट व्हायलाच चार-पाच सेकंद लागायचे. हजार फोटोंचा हिशेब तुम्हीच करा.

पीसी चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचा. एच-८१ बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क. दुकानात ठरलेलं उत्तर मिळालं, "ग्राफिक कार्ड टाका सर, पळायला लागंल." मी पैसे काढणारच होतो. लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या मित्रानं अडवलं. "अरे, विहिरीला पाणी कमी आहे का पाइप बारीक आहे, हे न बघताच मोटार बदलतोस का?"

टास्क मॅनेजर उघडला, प्रिव्ह्यू बनवायला लावले आणि दोघं चहा घेत बघत बसलो. सीपीयू ३० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. रॅम काठोकाठ भरलेली. आणि डिस्क १०० वर चिकटलेली. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच जागा करून काम ढकलतं. म्हणजे त्या बिचाऱ्या डिस्कला फोटोही वाचायचे आणि रॅमची हमालीही करायची. ग्राफिक कार्डाचा इथं काही संबंधच नव्हता.

मग साधी साटा एसएसडी आणली. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, ही साडेपाचशेपर्यंत. त्याहून वेगवान एनव्हीएमई मिळते, पण माझ्या बोर्डावर तिची खाचच नाही. कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर, एसएमपीएसच्या बाजूला पालीचं वाळलेलं अंडं, आणि सीपीयूवरची पेस्ट खडूसारखी भुगा झालेली. ते सगळं साफ करून एसएसडी जोडली, विंडोज आणि लाइटरूमचा कॅटलॉग तिच्यावर टाकला. मोजला तर वेग निम्माच! अर्धा तास डोकं खाजवल्यावर मोबाइलच्या टॉर्चमध्ये बोर्डावरची बारीक अक्षरं वाचली. एच-८१ वर साटाची वेगवान पोर्टं दोनच; बाकीची जुन्या, निम्म्या वेगाची. मी केबल नेमकी त्यातच खोचली होती. केबल हलवली, काम झालं.

रॅमला फार खर्च केला नाही. हा बोर्ड डीडीआर-थ्री रॅम घेतो आणि ती पुढच्या मशीनला चालणार नाही. जुन्या बाजारातून ८ जीबीची जोडीदार पट्टी आणली, १६ झाले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. ह्या बोर्डाचे दिवस भरलेत. तेव्हा मोठा पैसा अशाच वस्तूवर घालायचा, जी उद्या नव्या कॅबिनेटबरोबर नेता येईल.

ती वस्तू म्हणजे मॉनिटर, आणि त्याच्याबद्दल दुकानात कुणी चकार शब्द काढत नाही. मागच्या वर्षी रोहितांचा मोठा प्रिंट काढला. हा पक्षी अंगानं पांढरट, फिकट गुलाबी झाक असलेला. भडक रंग काय तो पंखात. प्रिंटमध्ये मात्र अख्खा थवा कुंकवात बुडवल्यासारखा. लॅबशी भांडून झाल्यावर कळलं, चूक माझ्याच टेबलावर होती. जुनं टीएन पॅनल निळसर दाखवायचं, म्हणून मी गुलाबी वाढवत गेलो होतो. मान जरा वर-खाली केली तरी त्याच्यावर रंग बदलायचा. आता २४ इंची आयपीएस घेतलाय, जवळपास १०० टक्के एसआरजीबी दाखवणारा. मित्राचं कॅलिब्रेटर लावून बघितलं, तर आधी ब्राइटनेसच बराच खाली आणावा लागला.

ग्राफिक कार्ड? लाइटरूममध्ये २०२३ साली आलेल्या एआय डिनॉइजला त्याचा खरंच उपयोग होतो; ते नसलं तर काम फार हळू चालतं. पहाटेच्या अंधारातले ३२०० आयएसओचे फोटो त्यानं निवळतात. पण असे फोटो महिन्याला चार-पाच. ते रात्री लावून मी जेवायला बसतो.

तुम्हीही पीसी दुकानात नेणार असाल, तर आधी घरी तुमचं रोजचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजरचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो काउंटरवर ठेवा. मग भाव विचारा.