निळं संत्रं

मुलांनो, संत्रं कोणत्या रंगाचं असतं? नागपूर जिल्ह्यातल्या मुलांना हा प्रश्न विचारला तर ती हसतील. पण मौद्याच्या आमच्या मुलांनी चक्क निळं संत्रं पाहिलं आहे! त्याचीच ही हकिगत.

सुरुवात झाली ती बसवरून. नागपुरात 2021 साली 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात शहरातल्या काही बसगाड्यांना कॅमेरे बसवले. पुढचं वाहन फार जवळ आलं, की यंत्रानं चालकाला इशारा द्यायचा. वर्गात मी हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कॅमेऱ्याले कसं समजते की समोर ट्रक आहे म्हणून?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. घरी एक जुना संगणक धूळ खात पडला होता. म्हटलं, करूनच पाहू.

त्या संगणकावर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये तिची सुरुवात केली. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते. आता हवं होतं ते 'ओपनसीव्ही'. चित्रांवर काम करायच्या तयार कृतींचं हे मोठं भांडार आहे. संगणकवाले त्याला लायब्ररी म्हणतात. गॅरी ब्रॅडस्की यांनी 1999 मध्ये इंटेल कंपनीत त्याचं काम सुरू केलं. (तीच इंटेल पुढे आयरास्ते प्रकल्पातही होती.) हे भांडारही सगळ्यांना मोफत आहे.

शनिवारी दुपारी पाच-सहा मुलं घरी जमली. लिनक्समध्ये 'टर्मिनल' नावाची काळी खिडकी असते. तिच्यात इंग्रजी अक्षरांत आज्ञा लिहायची. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', म्हणजे सामानाची यादी ताजी होते. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे सामानाचं नाव : पायथन, त्याला चिकटून 3 हा आकडा, आडवी रेघ, ओपनसीव्ही. संगणकानं पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, पण पडद्यावर एक ठिपका उमटेल तर शपथ! "सर, कीबोर्ड बिघडला," मुलं ओरडली. बिघडला नव्हता. कोणी डोकावून पासवर्डाची अक्षरं मोजू नयेत म्हणून तो काहीच दाखवत नाही. पुढे लागणारं बाकीचं सामान त्यानं आपणहून उतरवून घेतलं.

आणि मग आमचं गाडं अडलं. मी चार ओळींचा कार्यक्रम लिहिला, तर चूक! चित्र उघडणारी 'इमरीड' ही कृती 'सीव्ही-2' मध्ये नाहीच, असं संगणक म्हणे. 'सीव्ही-2' हे पायथन भाषेत ओपनसीव्हीचं नाव. मी सगळं काढून पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. मी इंटरनेटला बोल लावला, विजेला लावला, जुन्या यंत्राला लावला. दोन संध्याकाळी अशाच गेल्या.

तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीनं तो चुकीचा निरोप अक्षर अन् अक्षर वाचला. म्हणाली, "सर, इथं तुमच्याच फाईलचं नाव दिसते नं?"

झालं असं होतं, की माझ्या कार्यक्रमाच्या फाईललाही मी 'सीव्ही-2' हेच नाव दिलं होतं. पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये शोधतं. त्याला माझीच फाईल सापडत होती, खरं भांडार नव्हे. फाईलचं नाव बदललं आणि कार्यक्रम धावला. मी मात्र कान धरले.

चाचणीसाठी आम्ही पानासकट एका संत्र्याचा फोटो काढला होता. (मौद्याकडे शेती धानाची, हे संत्रं बाजारातलं.) चित्र दाखवायला 'मॅटप्लॉटलिब' हे दुसरं साधन घेतलं होतं. पडद्यावर संत्रं आलं ते आकाशी निळं!

"हे त निळं झालं नं बाप्पा!"

आता काय बिघडलं? पुन्हा तीच मुलगी म्हणाली, "पण पान हिरवंच आहे."

तिथंच सगळं उलगडलं. संगणकाला चित्र दिसत नाही, त्याला आकडे मिळतात. चित्र म्हणजे बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे : लाल, हिरवा, निळा. प्रत्येक 0 ते 255 मधला. आडवे 640 आणि उभे 480 ठिपके असले तर आकडे होतात 9,21,600! नारंगी रंगाचे आकडे साधारण 255, 165, 0 असे. ओपनसीव्ही मात्र ते उलट्या क्रमानं ठेवतं, निळा आधी. त्याच्या बालपणी कॅमेरेवाल्यांमध्ये हाच क्रम रूढ होता, तो राहून गेला. मॅटप्लॉटलिब लाल आधी धरतं. मग त्यानं 0, 165, 255 वाचलं, आणि हा झाला निळा रंग. हिरवा आकडा मधला, दोन्हीकडून मधलाच. म्हणून पान वाचलं.

'सीव्हीटी-कलर' या कृतीची एक ओळ घातली, क्रम सरळ झाला आणि संत्रं पुन्हा नारंगी झालं. ट्रकचा प्रश्न अजून बाकी आहे. पण मागच्या बाकावरचा तो मुलगा आता म्हणतो, "सर, आधी माह्या लाल सदऱ्याचा फोटो उलटा करून पाहू नं!"