टाळेबंदीतील घर आणि शाळा : नीरा डाव्या कालव्याच्या परिसरासंदर्भात एक विवेचन

जून २०२० मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ज्या मुलांची नावे इयत्ता पहिलीच्या पटावर चढली, त्यांना वर्गात बसण्याची अनुमती मिळाली ती १ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे दुसरीचे निम्मे वर्ष उलटल्यावर. मोठ्या मुलांच्या शाळा त्याआधी टप्प्याटप्प्याने उघडल्या होत्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून भरविण्यास राज्य शासनाने संमती दिली. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले आणि ग्रामीण भागात ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुनश्च सुरू झाले. पहिलीच्या मुलांना मात्र मधले उघडझापही लाभले नाही. अक्षरओळखीच्या वयात त्यांचे जे काही शिक्षण झाले ते घरात झाले. ह्या व्यवस्थेस ‘गृहशिक्षण’ असे नाव पडले. ते नाव कितपत यथार्थ होते, आणि शाळेचे काम अंगावर पडले असता कुटुंबसंस्था कोठे पुरी पडली व कोठे अपुरी, ह्याचा विचार येथे योजिला आहे. विवेचनासाठी बारामती तालुक्यातील पणदरे व त्याभोवतीचा नीरा डाव्या कालव्याचा बागायती पट्टा डोळ्यांपुढे ठेवला आहे.

१. संज्ञेविषयी

गृहशिक्षण ह्या शब्दाचा मूळ अर्थ ऐच्छिक आहे. शाळेची रीत मान्य नसलेले पालक आपल्या पाल्यास स्वतः शिकवितात, अभ्यासक्रम व वेळापत्रक स्वतः ठरवितात आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत किंवा राज्य मंडळाचा नमुना क्रमांक १७ भरून त्यास परीक्षेस बसवितात. २०२० मध्ये घडले ते ह्याहून सर्वस्वी निराळे. पाठ्यपुस्तक, अभ्यासक्रम, वर्गोन्नती हे सर्व शाळेचेच राहिले. केवळ अंमलबजावणीचा भार पालकांवर आला. निर्णयाचा अधिकार न मिळता जबाबदारी तेवढी मिळाली. म्हणून ह्या व्यवस्थेस गृहशिक्षण म्हणण्यापेक्षा शाळेचे घरात झालेले सक्तीचे स्थलांतर म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

ऐतिहासिक दृष्ट्याही ही घटना नवीन होती. मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने जो साथरोग अधिनियम लागू केला तो १८९७ चा, प्लेगच्या काळातील. त्या साथीत दख्खनमधील कित्येक गावे उठून माळावर व शेतात झोपड्या बांधून राहिली. तेव्हाही शाळा बंद पडल्या. परंतु झोपडीतील बापाने मुलास धडे द्यावेत अशी अपेक्षा कोणी केली नाही, कारण बहुसंख्य मुलांच्या जीवनात शाळेला स्थानच नव्हते. बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा एप्रिल २०१० पासून अमलात आल्यानंतर शाळा ही प्रत्येक घराच्या दिनक्रमाचा भाग झाली होती. त्यामुळे तीच घटना, शाळा बंद पडणे, ह्या वेळी घराच्या रचनेलाच धक्का देणारी ठरली.

२. काम चालू, शाळा बंद

टाळेबंदीचे जे चित्र वृत्तपत्रांतून रूढ झाले ते शहरी मध्यमवर्गाचे होते : सर्व कुटुंब घरात, हाताशी वेळ, आणि संगणकापुढे काम करणारे आईबाप. पणदरे परिसरास हे चित्र लागू पडत नाही. हे गाव बारामतीच्या पश्चिमेस, नीरेकडे जाणाऱ्या बाजूस आहे. १८८५ च्या सुमारास आलेल्या कालव्याच्या पाण्याने ह्या पट्ट्यात ऊस रुजविला आणि उसाभोवती माळेगाव, सोमेश्वर व इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या जोडीस दुभती जनावरे आली. तालुक्याच्या उत्तरेकडील सुपे, मोरगाव ही बाजू मात्र जिरायती राहिली.

शेती व दूध ह्या दोहोंना टाळेबंदीतून सूट होती. उसाची पाळी चुकविता येत नव्हती, वैरण कापावीच लागत होती, आणि दोन वेळची धार तर कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहत नाही. आठवडे बाजार बंद पडल्याने भाजीपाला शेतातच राहिला, २०२० मध्ये दुधाचे दर घसरले, तरी श्रम कमी झाले नाहीत. उलट मिळकत घटल्यामुळे घरच्या माणसांचे श्रम वाढले. म्हणजे शहरात काम थांबून माणसे घरी बसली, तर येथे काम चालूच राहिले आणि फक्त शाळा थांबली. अशा घरात शाळेत न जाणारे मूल हे ‘विद्यार्थी’ न राहता ‘रिकामे मूल’ ठरते, आणि शेतकरी घरात रिकाम्या हाताला काम सापडण्यास वेळ लागत नाही. शेळ्यांमागे जाणे, पाण्याचे बारे फिरविणे, धाकट्या भावंडास सांभाळणे ही कामे मुलांकडे कोणी दुष्टाव्याने सोपविली नाहीत. घराच्या अर्थव्यवस्थेत ती आपोआप त्यांच्याकडे वळली. अकरा ते पाच ह्या वेळात मूल कामापासून दूर ठेवणे हे शाळेचे एक कार्य होते, ही गोष्ट शाळा बंद पडल्यावरच स्पष्ट झाली.

३. छप्पर, चूल आणि दूरध्वनी

इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली, त्यांत एका छपराखालील वास्तव्य, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता व सामाईक कुलाचार ही प्रमुख होत. टाळेबंदीत पुणे, पिंपरी-चिंचवड व मुंबई येथे नोकरीस असलेले भाऊ बायकामुलांसह गावी परतले आणि विभक्त झालेली घरे काही महिने पुन्हा एकत्र आली. परंतु छप्पर व चूल एक झाली तरी उत्पन्न व खर्च विभक्तच राहिले. मुलांच्या शिक्षणात ह्या विसंगतीचा प्रत्यय आला. एकाच ओटीवर बसलेल्या चुलत भावंडांपैकी एक शहरातील इंग्रजी शाळेचा तास स्वतंत्र स्मार्टफोनवर ऐके, आणि दुसऱ्याचा अभ्यास व्हॉट्सॲपवर आलेला असला तरी तो फोन बापाच्या खिशात उसाच्या फडात असे.

फोन हा ह्या काळातील शिक्षणाचा कळीचा प्रश्न मानला गेला. ‘असर’ ह्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते; ते सप्टेंबर २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोठी खरी. पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात तो योग्य वेळी असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील फोन बहुधा मिळवत्या पुरुषाचा असतो व तो त्याच्याबरोबर बाहेर जातो. सकाळी आलेला गृहपाठ मुलास दिवेलागणीनंतर दिसतो, आणि दोन-तीन भावंडे असल्यास तो क्रमाने दिसतो. ह्या क्रमात दहावीचा मुलगा पुढे व दुसरीची मुलगी मागे राहते, कारण घराच्या दृष्टीने ज्याची परीक्षा जवळ त्याची निकड मोठी. वस्तुतः अक्षरओळखीचे वय निसटल्याने होणारी हानी अधिक खोल असते.

ही अडचण ओळखून काही प्रयत्न फोनवाचून झाले. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर पाठ रंगविण्यात आले. परंतु ह्या सर्व साधनांना एक समान मर्यादा होती. त्यांनी पाठ घरापर्यंत आणला. पाठ घेणारे माणूस मात्र घरानेच पुरवावयाचे होते.

४. पालक आणि शिक्षक

हे माणूस कोण? ‘असर’च्या २०२० मधील पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही साहाय्य मिळत असल्याचे आढळले. धाकट्या मुलांना प्रामुख्याने आई मदत करी. इयत्ता वाढे तसा आईचा वाटा घटून थोरल्या भावंडांचा वाढे. म्हणजे गृहशिक्षणाचा भार पडला तो ज्यांच्यावर आधीच घरकामाचा भार होता त्या आईवर व थोरल्या बहिणीवर. थोरल्या बहिणीच्या बाबतीत तर ती स्वतः विद्यार्थिनी असतानाच तिचे शिक्षिकेत रूपांतर झाले, आणि तिला कोण शिकविणार हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

आई साक्षर असली, तिला वेळ असला, तरीही एक अडचण उरते व ती व्यक्तीची नसून संस्थेची आहे. टालकट पार्सन्स यांनी १९५९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात शाळेचा वर्ग ही स्वतंत्र सामाजिक व्यवस्था आहे असे प्रतिपादन केले. घरात मुलाचे स्थान ते त्या घराचे मूल आहे एवढ्यावरून ठरते. वर्गात ते त्याच्या कामावरून ठरते. शिक्षकाची शाबासकी व शिक्षा सर्वांना एकाच मापाने मिळते, म्हणून मूल ती स्वीकारते. आईने ‘हे चुकले’ म्हटले तर मुलास तो रुसव्याचा विषय होतो. गुरुजींनी म्हटले तर तो पाटीवरील चुकीचा विषय असतो. टाळेबंदीत घरोघर अभ्यासावरून उठलेली रडारड ही आयांच्या अधीरतेची खूण नव्हती. माया आणि मूल्यमापन ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे आल्याचा तो परिणाम होता. शिवाय शिक्षकासमोर तीस मुले असतात आणि एकाचे पाहून दुसरे शिकते. घरात हा समवयस्कांचा वर्गच नव्हता.

दरम्यान शाळेचा शिक्षकही मोकळा नव्हता. जिल्हा परिषदेचे अनेक शिक्षक साथीच्या सर्वेक्षणास जुंपले गेले होते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही आरोग्य मोहीम निघाली. तिचा हेतू रोगनियंत्रणाचा होता. तथापि त्या काळाची वृत्ती तिच्या नावात नेमकी उतरली आहे. आरोग्य, आहार, शिक्षण ह्या सार्वजनिक जबाबदाऱ्या एकेक करून कुटुंबाच्या उंबरठ्यावर आणून ठेवण्यात आल्या. मध्यान्ह भोजनाचे उदाहरण बोलके आहे. शाळेत शिजणाऱ्या अन्नाऐवजी तांदूळ व कडधान्य पालकांना देण्यात आले. हे आवश्यक होते; परंतु शाळेतील ताट त्या मुलाचे असते, तर घरी आलेला शिधा साऱ्या घराचा होतो.

मुलींच्या बाबतीत शाळेचे आणखी एक कार्य उघड झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झाले होते, आणि राज्यातील ही मोजणी साथ येण्यापूर्वी, २०१९ मधली आहे. ज्या समाजात लवकर लग्नाची ओढ आधीपासून आहे, तेथे ‘मुलगी शाळेत आहे’ हे चालून आलेले स्थळ परतविण्याचे सर्वमान्य कारण असते. शाळा बंद होताच हे कारण आईच्या हातून निसटते.

५. कोपीतील घर

कालव्याच्या पट्ट्यातील विवेचन ऊसतोड कामगारांना वगळून पुरे होणार नाही. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून कामगार येथे येतात. मुकादमाकडून उचल घेताना पती-पत्नीची जोडी हा एक ‘कोयता’ धरला जातो. अर्थात आई व बाप दोघेही पहाटेपासून फडात असतात. मार्च २०२० मध्ये हंगाम सरत आला असता टाळेबंदी झाली आणि राज्यातील लाखाहून अधिक तोडणी कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलच्या मध्यानंतर शासनाने आरोग्य तपासणी करून त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली. ह्या मुलांचे शिक्षण साखरशाळा, हंगामी वसतिगृहे व जवळच्या जिल्हा परिषद शाळांतील प्रवेश अशा तात्पुरत्या सोयींवर उभे होते. त्या सर्व सोयी सार्वजनिक होत्या व सर्व एकाच वेळी मिटल्या. पाचटाच्या कोपीत गृहशिक्षण ह्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तेथे शाळेची जागा घेऊ शकेल असे घरच दिवसा नसते.

६. एका तुकडीचा मागोवा

ह्या साऱ्याचा परिणाम पहिलीच्या त्या तुकडीवर काय झाला, हे ‘असर’च्या ग्रामीण भारताविषयीच्या आकड्यांवरून पाहता येते. २०२२ मध्ये तिसरीत असलेली मुले ही २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेलीच मुले होत. त्यांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २०.५ टक्के निघाली. २०१८ मधील तिसरीत हे प्रमाण २७.३ टक्के होते. २०२४ मध्ये तिसरीचे प्रमाण २७.१ वर आले आणि हानी भरून निघाली असे म्हटले गेले. परंतु २०२४ ची तिसरी ही वेगळी मुले आहेत. ती शाळा उघडल्यावर दाखल झाली. टाळेबंदीची तुकडी २०२४ मध्ये पाचवीत होती, आणि पाचवीत तोच उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण ४८.८ टक्के होते. २०१८ च्या पाचवीचे ५०.५ टक्के होते. निरनिराळ्या वर्षांचे नमुने निरनिराळे असल्याने ही तुलना अंदाजापुरतीच घ्यावयाची. तरीही तिची दिशा स्पष्ट आहे.

तीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. घरात गेलेल्या दीड वर्षात तुकडी मागे पडली व वर्गात बसल्यानंतर ती बहुतांशी पूर्वीच्या पातळीजवळ आली. म्हणजे उणीव मुलांत नव्हती, पालकांच्या इच्छेतही नव्हती. ती शाळेच्या अभावात होती. दुसरे असे की, ज्या पातळीवर तुकडी परतली ती पातळी निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता न येण्याची आहे. ‘पूर्ववत झाले’ ह्या शब्दांत समाधान मानण्याजोगे फारसे काही नाही.

७. निष्कर्ष

टाळेबंदीने कुटुंबाची शक्ती व मर्यादा दोन्ही दाखविल्या. आजाऱ्याची सेवा, परतलेल्यांना आसरा, घटलेल्या मिळकतीत सर्वांना घास, ही कामे घराने केली. जी त्याला पेलली नाहीत ती मुळात त्याची नव्हतीच. मुलाचा काळ कामापासून राखून ठेवणे, मायेवाचूनचे समान माप देणे, समवयस्कांचा सहवास, मुलीला अवधी मिळवून देणे, ही शाळेची कार्ये कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसल्यामुळे त्यांचे हस्तांतरण होऊ शकले नाही. पुढील आपत्तीच्या नियोजनात पाठ घरी कसा पोहोचवावा हा प्रश्न पुरेसा नाही. लहान मुलांचा वर्ग सर्वांत शेवटी बंद व्हावा आणि सर्वांत आधी उघडावा, हा विचार त्याआधी येतो. २०२० ते २०२१ मध्ये क्रम नेमका उलटा होता. पहिलीच्या तुकडीने त्याची किंमत मोजली आहे.