विळी : बसून चिरणाऱ्यांचे अवजार

आंबोलीत जूनमध्ये पाऊस लागला की दाराची कडी, कोयता, विळी अशा प्रत्येक लोखंडी वस्तूवर एका रात्रीत तांबूस पूड धरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवरच्या या गावात वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून माझ्या आजोळी विळी कधी जमिनीवर राहत नसे. काम झाले की धुऊन, पुसून, पात्यावर खोबरेलाचे बोट फिरवून ती चुलीवरच्या फळीवर, धुराच्या उबेत जाई. आजी गेली तेव्हा तिची भांडी वाटून घेतली गेली. विळी मात्र कोणी मागितली नाही, ती माझ्याकडे आली. आज ती माझ्या शहरातल्या घरात माळ्यावर आहे, कारण माझ्या स्वयंपाकघरात बसायला जागाच नाही. हा लेख त्या अडचणीतून निघाला.

प्रथम नावे. आंबोली घाटाच्या तोंडाशी वसलेली असल्याने तिथे दोन्ही बाजूंचे शब्द कानावर येतात. घाटाखाली सावंतवाडीकडे आणि पुढे गोव्यात आदाळो, आदोळी. घाटावर आजऱ्याच्या बाजूला विळती, इळती. महाराष्ट्रात इतरत्र पावशी आणि मोरळी हीही नावे चालतात. प्रमाण मराठीतली विळी ही उघडच विळ्याची धाकटी बहीण. विळा हातात धरून गवतावर चालवायचा. विळी पाटावर रोवून तिच्यावर भाजी चालवायची. घरातल्या कोयत्याचेही तेच. आंबोलीतला माणूस रानात जाताना कमरेच्या आकडीला जो कोयता अडकवतो, त्याच्या पात्याला तसाच बाक असतो. बाक एकच, फरक इतकाच की एकात अवजार हलते, दुसऱ्यात वस्तू.

या उलटापालटीतच विळीची सगळी रचना आहे. सुरीने चिरताना एक हात वस्तू धरण्यात आणि दुसरा सुरी चालवण्यात अडकतो. विळीला धरून ठेवण्याचे काम पायाकडे किंवा मांडीकडे जाते आणि दोन्ही हात मोकळे होतात. धार बसणाऱ्याकडे तोंड करून असते. भाजी आपल्यापासून पुढे ढकलायची. पाते सरळ उभे न ठेवता वाकवलेले असल्याने ढकललेली वस्तू धारेवर नुसती दाबली जात नाही, ती धारेवरून थोडी सरकतेही, आणि सरकत कापणे हे दाबून कापण्यापेक्षा नेहमीच हलके. धारेचा कल बुडापासून शेंड्यापर्यंत बदलत जातो. त्यामुळे एकाच पात्यावर अनेक सुऱ्यांची कामे होतात. सुरण, कच्चा फणस, लाल भोपळा यांसाठी बूड. मिरची, कोथिंबीर यांसाठी वरचा भाग. यामागे साधा हिशेब आहे. जोर जितका उंचावर लावावा तितका पाट उलटू पाहतो, म्हणून कठीण वस्तू खालीच घ्यायची. जुने पाट जड लाकडाचे, कोकणात बऱ्याचदा फणसाचे, असण्याचे एक कारण हेच. दुसरे म्हणजे ओलाव्यात टिकणारे लाकूड हवे.

दोन हातांचा खरा फायदा मासळी आणि पालेभाजीत कळतो. निसटत्या बांगड्याला डोके एका हातात, शेपूट दुसऱ्यात असे धरून पात्यावर ओढले की तुकडा सरळ पडतो. कित्येक घरांत मासळीची विळी वेगळी असते. बंगालातही साधी बोटी आणि मासळीची आँशबोटी असा भेद आहे. पावसाळ्यात टाकळा, फोडशी, तेरे यांच्या जुड्या मुठीत घट्ट आवळून पुढे सारल्या की तंतूसारखी बारीक भाजी पडते. मुठीची पकड आणि बोटांचे अंतर याचा अंदाज हातालाच असतो, डोळे त्या वेळी चुलीवरच्या भातावर असतात.

विळीच्या शेंड्याला दातेरी चकती बसवली की ती खवणी होते. नारळाच्या मुलखात हा शेंडा पात्याइतकाच महत्त्वाचा. इथे एक मोठा नकाशा उलगडतो. उभ्या पात्यावर चिरण्याची रीत कर्नाटकात ईळिगेमणे, तमिळनाडूत अरिवाळमणै, आंध्र-तेलंगणात कत्तिपीट, ओडिशात पनिकी, बंगालात बोटी, बिहारात पहसुल, नेपाळात चुलेसी या नावांनी आहे. कोलकात्याच्या १९व्या शतकातल्या कालीघाट चित्रांत बोटीवर मासा कापणारी स्त्री दिसते. बसून नारळ खवण्याची रीत तर समुद्रापलीकडेही आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत अशा खवणीला ‘म्बुझी’ म्हणजे शेळी म्हणतात, थायलंडमध्ये तिला ससा म्हणतात. चार पायांचे बसके पाट आणि पुढे आलेले तोंड पाहून लोकांना प्राणीच आठवला. आपल्याकडेही मोरळी म्हणताना कानाला मोर ऐकू येतो.

आता लोखंड. सह्याद्रीच्या माथ्यावर धावड समाजाचे लोक जांभ्यातले खनिज लाकडी कोळशाच्या भट्ट्यांत गाळत असत. १९व्या शतकात विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले, १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातला कोळसा दुर्मिळ झाला आणि या भट्ट्या विझल्या. पुढे लोहाराच्या ऐरणीवर येणारे लोखंड हे बहुधा मोडीतले. आज चांगल्या विळीसाठी लोहार ट्रकचा कमानपाटा शोधतो, कारण ते पोलाद पाणी धरते. पाते तापवून, ठोकून, बाक देऊन झाल्यावर धारेची कड पाण्यात बुडवायची. धार कडक होते, पाठ चिवट राहते. पाणी जास्त झाले तर धार झडते, कमी झाले तर मुडपते. वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीचे लोहखनिज जहाजे भरून परदेशी गेले आणि शेजारच्या घरातली विळी मोडक्या ट्रकच्या पाट्यातून झाली, हा सिंधुदुर्गाच्या लोखंडाचा उलटा प्रवास आहे.

लोखंडी पात्याचे दोषही सांगितले पाहिजेत. केळफूल, वांगे, कैरी यांनी ते काळे पडते आणि भाजीही काळवंडते. म्हणून चिरलेले केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतात. स्टेनलेस स्टीलने ही कटकट संपवली. पण घरच्या दगडावर चार हात फिरवून पाजवता येणारे पाते ते लोखंडीच.

अशा वस्तूभोवती रिवाज जमतातच. बाळाच्या पाचवीला विळा किंवा कोयता पूजेत असतो, खंडेनवमीला घरातली हत्यारे पुजली जातात. ग्रहणात गरोदर बाईने विळीला हात लावायचा नाही असा दंडक होता. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, भाजायचे नाही. कारण काहीही सांगितले जावो, वर्षातला तो एक दिवस विळीला सुट्टी मिळे आणि ती चालवणारीलाही. एरवीचा नियम एकच : उभी विळी सोडून उठायचे नाही. ‘आदाळो मिटून ठेय गो, पोरां इली!’ ही आजीची हाक अजून कानात आहे.

विळी मागे पडली ती वाईट होती म्हणून नाही. चूल जमिनीवर होती तेव्हा पाटा-वरवंटा, जाते, विळी सगळे जमिनीच्या पातळीवर होते आणि बाईही तिथेच. गॅस आला, ओटा उंचावला, आणि बसून वापरायचे अवजार उभ्याच्या घरात परके झाले. काहींनी घडीची विळी ओट्यावर ठेवून पाहिली. पण मग पाट दाबायला पाय नाही, म्हणजे रचनेचा अर्धा भागच गेला. याबद्दल हळहळताना आजीचे गुडघेही आठवावेत. शेवटची सात-आठ वर्षे ती खाली बसली की दोघींनी हात देऊन उठवावे लागे. ओट्याने तिच्या सुनांचे गुडघे वाचवले. मात्र विळीभोवती तीन पिढ्यांच्या बायका एकाच उंचीवर बसत, मूल मटार सोलता सोलता चिरणे बघून शिके, ते बसणे ओट्याला सोसले नाही. ओट्यापाशी उभी असणारी बहुधा एकटीच असते.

नरकचतुर्दशीला, आमच्याकडच्या चावदिसाला, अंगणात कारीट फोडून झाले की पोह्यांचे पाच-सहा प्रकार लागतात आणि त्यातल्या बहुतेकांत ओला नारळ. पहाटे चारला अंधारात खवणीचा खरखर आवाज सुरू झाला की आम्हा मुलांना दिवाळी आल्याचे कळे. गेल्या वर्षी मी माळ्यावरची विळी काढली, गंज चिंचेने घासला, तेल लावले आणि जमिनीवर पाट मांडून बसले. अर्ध्या नारळाला घाम फुटला. पण मुलगी येऊन शेजारी बसली, आणि दुसरी वाटी तिने खवली.