रुमालात बांधलेले मावळ

तुंगार्लीत जमिनीचा भाव गुंठ्यावर सांगतात. लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत आलेले हे गाव आता बंगले, हॉटेले आणि 'भाड्याने मिळेल'च्या पाट्या यांसाठीच ओळखले जाते. वर धरण, धरणावरून राजमाचीकडे जाणारी वाट. एजंट गुंठ्याचा आकडा सांगतो आणि गिऱ्हाईक मोबाइलवर त्याला 1089 ने भागून चौरस फुटाचा दर काढते. हा 1089 कुठून आला, याची चौकशी व्यवहारात कोणी करत नाही. करायचे कारणही नाही.

तो मोजणीच्या साखळीतून आला. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी 33 फुटांची होती. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. प्रिंगलसाहेबाची 1828 ते 1830 मधली मोजणी फसल्यावर 1835 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली, आणि तीच पद्धत पुढे सगळ्या इलाख्यात गेली. मोजणीदार शेतातून एक आडवी रेघ धरायचा, तिच्यावरून दोन्ही बाजूंना बांधाच्या वळणापर्यंत लंब टाकायचा, आणि सगळे आकडे साखळी-आण्यांत लिहून ठेवायचा. या कागदाला टिपण म्हणतात. बांध, ओढा, हद्दीचा दगड हे सगळे त्यात येते. आजही बांधावरून भांडण झाले की मावळ तालुक्याच्या वडगावातल्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन जुने टिपण काढावे लागते.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा हा कागद अजून हाताशी आहे, तो इतिहासाच्या प्रेमापोटी नाही. सारा वसूल करायचा होता, म्हणून तो लिहिला गेला. मालकी सिद्ध करायची असते, म्हणून तो जपला गेला. मावळच्या इतिहासाची साधने पाहत गेले की हेच सूत्र पुन्हा पुन्हा भेटते. ज्या कागदात कोणाचा तरी पैसा अडकलेला असतो, तो टिकतो.

याचा सगळ्यात मोठा दाखला पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीत आहे. सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार. लोकांच्या तोंडी पेशवे दप्तर. इमारत 1888 ते 1891 या काळात बांधली गेली. आत सुमारे 39 हजार रुमाल आहेत आणि त्यांत कोट्यवधी कागद. रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा बांधायचे चौकोनी कापड. गठ्ठ्यालाच रुमाल म्हणायची रीत पडली. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, आंग्रे दप्तर अशी त्यांची वर्गवारी आहे. रोजकीर्दीत दिवसाची जमा-खर्चाची आणि हुकमांची नोंद, घडणीत त्याच नोंदी खातेवार मांडलेल्या, आणि प्रांत अजमासात त्या त्या प्रांताच्या उत्पन्नाचा अंदाज. एखाद्या जुन्या पेढीच्या मुनिमाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. हे एका राज्याचे हिशेबाचे दप्तर आहे, आणि लढायांच्या बरोबरीने त्यात घोड्यांची वैरण, देवस्थानची दिवाबत्ती आणि दुष्काळात दिलेली सूट आहे.

1818 मध्ये राज्य गेले तेव्हा हे दप्तर विस्कटलेलेच होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची फार आबाळ झाली होती. इंग्रजांनी ते गोळा केले, लावले, कुलपात ठेवले. कशासाठी? कोणाची जमीन माफीची, कोणाची सनद खरी, कोणाची खोटी, हे ठरवण्यासाठी. पुढे इनाम कमिशन बसले, 1852 मध्ये त्याला कायद्याचे बळ मिळाले, आणि हजारो इनामदारांना आपापल्या सनदा या दप्तराशी ताडून दाखवाव्या लागल्या. ताळा जुळला नाही की इनाम खालसा. इमारतीचे इंग्रजी नाव 'एलिएनेशन ऑफिस' पडले ते यामुळेच. सरकारी उत्पन्नातून वगळलेल्या जमिनींचे ते कार्यालय होते. आज ज्या दप्तरावर मराठ्यांचा इतिहास उभा आहे, ते मराठ्यांची इनामे कापण्यासाठी सांभाळले गेले. ही गोष्ट कडू आहे, पण या कडू औषधानेच कागद जगले.

अभ्यासकांना मात्र दार बंद होते. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींमधून उतारे केले, ते छापले गेले. बाकीच्यांनी अर्ज करत राहायचे. शेवटी इतिहासकार जदुनाथ सरकारांनी आग्रह धरला आणि काम आले गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे. हे रियासतकार मावळातलेच म्हणायला हवेत. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, नोकरी बडोद्याच्या दरबारी. पण निवृत्तीनंतर ते कामशेतला येऊन राहिले, आणि 1959 मध्ये वारले तेही कामशेतलाच. लोकल लोणावळ्याहून पुण्याकडे निघाली की थोड्याच वेळात ते स्टेशन येते. त्यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या अवघ्या चार-पाच वर्षांत निघाले. त्या निवडीवर आणि टिपांवर पुढच्यांनी टीका केली, ती रास्तही आहे. पण या वेगाने आजचे कोणते महामंडळ काम करते, हेही सांगावे.

हा कागद वाचायचा कसा, हे एकदा जवळून पाहावे. लिपी मोडी, म्हणजे लेखणी न उचलता ओढलेली. कागद जुन्नरी, हाताने केलेला. शाई काजळाची. ती उन्हाने विटत नाही, दोन-अडीचशे वर्षांनीही काळीभोर दिसते. पण पाण्याचा ओघळ आला की धुऊन जाते. तारखेपाशी नवखा माणूस अडखळतो. 'सन सबा सबैन मया व अलफ' असे लिहिलेले असते. हे अरबी अंक आहेत आणि उलट्या क्रमाने येतात: सात, सत्तर, शंभर, हजार. मिळून 1177. हा सुहूर सन. त्यात 599 मिळवले की 1776 येते, आणि सालाचे शेवटचे महिने असतील तर 600 मिळवायचे, कारण साल जानेवारीत सुरू होत नाही, मृग नक्षत्राला होते. भाताची पेर जवळ आली की नवे साल. मावळच्या शेतकऱ्याला हे पंचांग समजावून सांगावे लागत नाही. 1776 हे साल मुद्दाम घेतले. पानिपतावर हरवलेल्या भाऊसाहेबांचा तोतया त्या वर्षी राजमाचीवर जाऊन बसला होता. आज सहलीचे तांडे तुंगार्लीवरून ज्या किल्ल्याकडे निघतात, तोच हा.

आणखी मागे जायचे तर कार्ल्याच्या लेण्यात जावे. तिथल्या सातवाहनकालीन लेखात 'मामाल' हे नाव आले आहे. आपले मावळ ते हेच. त्या लेखात राजा मामालच्या अमात्याला कळवतो की करजक हे गाव इथल्या लेण्यांतल्या भिक्षूंना दिले आहे, त्याला अमुक सवलती आहेत. थोडक्यात, हे इनामपत्रच आहे, फक्त कापडात बांधायच्या ऐवजी भिंतीत कोरलेले. शेजारच्या लेखांत वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. कोणी किती खर्च केला याची नावनिशीवार पावती. मावळचा पहिला लेखी पुरावा हासुद्धा देण्याघेण्याचाच.

विसाव्या शतकात घाटमाथ्यावर नवा हिशेब सुरू झाला. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी 1910 मध्ये उभी राहिली, 8 फेब्रुवारी 1911 रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याच्या धरणाची पायाभरणी झाली, आणि 1915 मध्ये लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरात कोसळून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. टाटा समूहाने आपले जुने कागद जपण्यासाठी पुण्यात मंगळदास रोडला स्वतःचे अभिलेखागार केले आहे. खाजगी उद्योगाने इतक्या शिस्तीने कागद सांभाळल्याची उदाहरणे आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. मुंबईत विक्रोळीला गोदरेजचे आहे, ते दुसरे.

पण कंपनीच्या कपाटात कंपनीचीच बाजू सापडणार, यात नवल नाही. शेजारच्या मुळशीत 1921 च्या रामनवमीला टाटांच्याच धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. भुस्कुट्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, राजेंद्र व्होरांनी पुढे अभ्यास केला, म्हणून मावळ्यांची बाजू काही प्रमाणात आपल्यापर्यंत आली. जी घरे पाण्याखाली गेली, त्यांच्या देवळीतले, फडताळातले कागद कुठे गेले? सावकाराची चिठ्ठी, लग्नाचा खर्च, भावकीचे वाटणीपत्र? माणसे डोक्यावर भांडी घेऊन निघतात. कागदाचा नंबर शेवटी लागतो.

गावाकडे निरखून पाहणारा एखादाच निघतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी करून 1917 मध्ये छापली. मावळातून वाहत आलेल्या पवनेच्या काठचे हे गाव. 156 खातेदार आणि जमिनीचे 729 तुकडे, त्यातले 463 एकराहूनही लहान. आज तिथे सोसायट्यांचे टॉवर आहेत, आणि गाव कसे होते हे सांगायला मॅनसाहेबाचे आकडे उरले आहेत. तुंगार्लीला मॅन मिळाला नाही.

तरी तुंगार्लीकडे काहीच नाही असे नाही. तलाठ्याकडचे फेरफार लक्ष देऊन वाचले तर कोण कधी वारले, वारस कोण लागले, बहिणीने हक्क कधी सोडला, तगाई कधी घेतली, कुळकायद्याने कोणाची जमीन कोणाच्या नावावर झाली, हे सगळे ओळीने मिळते. सातबारा काढणारे रोज शेकडो आहेत. फेरफार गोष्टीसारखा वाचणारा विरळा. त्याच्याही आधीचे गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले आणि त्या घरांतल्या गठ्ठ्यांचे काम संपले. काम संपले म्हणजे किंमत संपली.

खरी अडचण इथे आहे. सरकारी कागदाला सरकार आहे, कंपनीच्या कागदाला कंपनी आहे. घरातल्या कागदावर आता कोणाचाच हक्क अडलेला नाही, म्हणून तो माळ्यावर पडून असतो आणि बंगल्याचे नूतनीकरण निघाले की कंत्राटदाराच्या टेम्पोतून जातो. लोणावळा बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांच्या लक्ष्मीपूजनाला पुजलेल्या लाल वह्या यातच आल्या. चिक्कीचा गूळ कुठून यायचा, शेंगदाण्याचा भाव काय होता, उधारी कोणाची होती, हे दुसऱ्या कुठल्या कागदात लिहिलेले नसते. त्यात इथली हवा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात कागदाला बुरशी, कसर आणि वाळवी या तिघी सख्ख्या बहिणी.

तुमच्या घरात असे काही असेल तर एवढेच करा. उन्हात वाळत घालू नका. सावलीत, वाऱ्यावर पसरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, दमट हवा आतच अडकते. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. ते पुन्हा काढता येत नाही. धुतलेल्या मांजरपाटात बांधा, बरोबर वेखंडाचे दोन तुकडे ठेवा. गठ्ठ्याचा क्रम मोडू नका, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता, यावरूनही जाणकाराला बरेच कळते. काय आहे ते वाचता येत नसेल तर पुराभिलेखागार मोडीचे वर्ग घेते, आणि सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात ते वाचणारी माणसे आहेत. वि. का. राजवाडे यांनी 1910 मध्ये सुरू केलेल्या या मंडळाकडे लाखो कागद आले, ते बहुतांशी अशाच घरांतून. मूळ कागद द्यायचा नसेल तर निदान फोटो काढू द्या.

लोणावळ्याहून पुण्याला लोकल आहे. माळा साफ करायला माणूस बोलावण्याआधी एकदा जाऊन या.